बेटिंग शॉपचे ‘विलायती मॉडेल’, काउंटरच्या आतून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्रिकेटवरच्या सट्ट्याचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘इंग्लंडमध्ये बघा, भर बाजारात परवान्याची दुकाने आहेत, सरकारला कर मिळतो, कोणी कोणाला फसवत नाही.’ जानेवारी 2016 मध्ये न्या. लोढा समितीने क्रिकेटवरील बेटिंग कायदेशीर करावे, अशी शिफारस केली. जुलै 2018 मध्ये विधी आयोगाच्या 276 व्या अहवालाने पूर्ण बंदी जमत नसेल तर नियमन करावे, असे सुचवले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तरी विलायतेचा दाखला काही थांबलेला नाही. तो देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या दुकानाचा काउंटर आतल्या बाजूने पाहिला असेल. आम्ही पाहिला आहे. शिवाय पुणे, नाशिक, कोल्हापूरहून तिकडे शिकायला गेलेली बरीच मुले याच काउंटरमागे अर्धवेळ उभी असतात. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

फसवणूक होत नाही, हे बऱ्याच अंशी खरे आहे. लागलेला डाव दुकान बुडवत नाही. पण जुगारी माणसाला सांभाळायचे जे काही कायद्यात लिहिले आहे, ते प्रत्यक्षात करायचे काम शेवटी एकाच माणसाच्या गळ्यात येते : किमान वेतनाच्या आसपासच्या पगारावर, रात्री दहापर्यंत, एकट्याने दुकान चालवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या. मॉडेलचे घोडे पेंड खाते ते इथे.

ही दुकाने 1960 च्या कायद्याने आली आणि 1 मे 1961 रोजी उघडली, म्हणजे महाराष्ट्र राज्य एक वर्षाचे झाले त्याच दिवशी. त्याआधी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून चिठ्ठ्या गोळा करणारा माणूस असे, आपल्याकडच्या मटक्याच्या चिठ्ठ्या घेणाऱ्यासारखाच. तो बंद व्हावा म्हणून दुकान आले, पण ते मुद्दाम रूक्ष ठेवले गेले. टीव्ही, आरामशीर खुर्च्या, गरम चहा-कॉफी हे सगळे 1986 नंतर आले. 2005 चा गॅम्बलिंग ॲक्ट सप्टेंबर 2007 मध्ये पूर्णपणे लागू झाला आणि गॅम्बलिंग कमिशन या सरकारी नियामकाच्या देखरेखीखाली आजचे दुकान उभे राहिले : सकाळी 7 ते रात्री 10, दारू वर्ज्य, 18 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि जुगाराची जास्तीत जास्त चार मशीन.

या चार मशीनचे गणित कळल्याशिवाय दुकान कळत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला भिंतीवरच्या पडद्यांवर धावणारे घोडे दिसतात. पण 2019 पूर्वीच्या काही वर्षांत दुकानांच्या कमाईतला निम्म्याहून अधिक वाटा मशीनचा होता. त्या मशीनवर इलेक्ट्रॉनिक रूले (फिरत्या चाकावरच्या आकड्यांचा जुगार) खेळता येई : एका फेरीला 100 पौंडांपर्यंत डाव आणि 20 सेकंदांनी पुढची फेरी. म्हणजे मिनिटाला 300 आणि तासाला 18,000 पौंड फिरवता येत. एक शून्य असलेल्या रूलेमध्ये दुकानाचा वाटा 37 मध्ये 1, म्हणजे 2.7 टक्के. ऐकायला किरकोळ वाटतो, पण 18,000 वर तो साधारण 486 पौंड होतो, आणि तोही सरासरीने. प्रत्यक्षात माणूस हरलेले परत मिळवायला डाव वाढवत जातो, तेव्हा महिन्याचा पगार जेवणाच्या सुट्टीत संपतो.

दर दुकानी चारच मशीन, ही मर्यादा ग्राहकाच्या भल्यासाठी होती. तिचा परिणाम उलटा झाला. पाचवे मशीन हवे तर दुसरे दुकान काढा! एप्रिल 2015 पर्यंत नियोजनाच्या नियमांत बेटिंग शॉप आणि बँकेची शाखा एकाच वर्गात मोडत होती, त्यामुळे बंद पडलेल्या बँकेत वेगळ्या परवानगीशिवाय दुकान थाटता येई. गरीब वस्तीच्या बाजारपेठांत अशी दुकाने ओळीने उभी राहिली. पूर्व लंडनमधल्या न्यूहॅम बरोने (स्थानिक परिषदेने), जिथे दक्षिण आशियाई वस्ती मोठी आहे, पुढाकार घेऊन 93 स्थानिक परिषदांच्या वतीने डावाची मर्यादा 2 पौंडांवर आणण्याची मागणी केली. सरकारने ती तत्त्वतः मानली, पण अंमल लांबवला. त्यावरून क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांनी नोव्हेंबर 2018 मध्ये राजीनामा दिला, आणि अखेर 1 एप्रिल 2019 पासून 2 पौंडांची मर्यादा आली. त्याच जुलैत विल्यम हिल या बेटिंग कंपनीने सुमारे 700 दुकाने बंद करण्याचा इरादा जाहीर केला. दुकाने नेमकी कशावर चालली होती, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा आम्हाला ठाऊक नाही.

आता मशीनवर मुख्यतः स्लॉटचे खेळ चालतात. डाव 2 पौंड, पण फेरी अडीच सेकंदांची. मिनिटाला 24 फेऱ्या, 48 पौंड, तासाला 2,880. परताव्याचा टक्का मशीनवर दाखवावा लागतो. तो 90 धरला, तर पूर्ण वेगाने खेळणाऱ्याचे तासाला सरासरी 288 पौंड जातात. रूलेपेक्षा डाव लहान, पण प्रत्येक पौंडामागे दुकानाचा वाटा कितीतरी मोठा. हा हिशेब काउंटरवर विचारणारा ग्राहक विरळाच.

घोड्यांच्या चिठ्ठीकडे वळू, कारण काउंटरवरची बहुतेक भांडणे तिथे जन्मतात. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या मोसमात जाणाऱ्यांना ‘विन’, ‘प्लेस’, ‘तनाला’ पाठ असते. पण तिथे टोटमध्ये, म्हणजे सामाईक गल्ल्यात, सगळ्यांचे पैसे एकत्र होऊन परतावा ठरतो. विलायती दुकानात भाव कंपनी देते, आणि तो तुम्ही ‘घेतला’ तरच तुमचा. ग्राहक पडद्यावर 8/1 (एका पौंडावर आठ पौंड नफा) पाहतो, चिठ्ठीवर घोड्याचे नाव आणि ‘10 पौंड’ लिहून देतो आणि शर्यत बघायला वळतो. भाव नोंदवून घे, असे तो म्हणतच नाही. मग डाव शर्यत सुटतानाच्या भावाने, म्हणजे ‘एसपी’ने (स्टार्टिंग प्राइस), फेडला जातो. तो भाव 9/2 निघाला तर नफा 80 ऐवजी 45 पौंड होतो. नियम भिंतीवर लावलेला असतो, बारीक अक्षरात. 35 पौंडांचा राग निघतो तो काउंटरवरच्या मुलीवर.

दुसरे नेहमीचे भांडण ‘ईच-वे’चे. 2 पौंड ईच-वे म्हणजे 4 पौंड : दोन जिंकण्यावर, दोन क्रमांकात येण्यावर. साध्या शर्यतीत आठ किंवा अधिक घोडे असतील, तर पहिले तीन क्रमांक धरतात आणि भावाच्या एक पंचमांशाने पैसे मिळतात. 8/1 चा घोडा दुसरा आला, तर क्रमांकाच्या दोन पौंडांवर 3.20 आणि मूळ 2, असे 5.20 हातात येतात. आता समजा शर्यतीत बरोबर आठ घोडे आहेत आणि शर्यत सुटण्याआधी एकाने माघार घेतली. सातच उरले, म्हणजे क्रमांक दोनच आणि भावाचा एक चतुर्थांश. तिसऱ्या आलेल्या घोड्याला काहीच नाही. सकाळी चिठ्ठी लावताना तीन क्रमांक होते ना, हा ग्राहकाचा प्रश्न त्याच्या जागी रास्तच असतो. पण नियम धावलेल्या घोड्यांचा.

माघार घेतलेला घोडा आवडता, म्हणजे सर्वाधिक पसंतीचा असेल, तर जिंकणाऱ्यालाही फटका बसतो. ‘रूल फोर’ म्हणतात तो हा. माघार घेतलेल्याचा भाव जितका आखूड (कमी) तितकी कपात मोठी : 1/9 किंवा त्याहून आखूड असेल तर पौंडामागे 90 पेनी, 2/1 असेल तर 30, 14/1 च्या पुढे काही नाही. तुम्ही 5/1 ने 10 पौंड लावले आणि 2/1 चा घोडा बाहेर पडला, तर 50 च्या नफ्यातून 15 जातात. मूळ रकमेसह हातात येतात 45. कपात नफ्यावर असते, मूळ रकमेवर नाही, एवढे एक वाक्य शांतपणे सांगितले की अर्धे भांडण मिटते. सांगायला वेळ मात्र हवा, आणि मागे रांग असते.

‘लकी 15’ हा प्रकार शनिवारी फार खपतो. चार घोड्यांवर 4 सिंगल, 6 डबल (दोन-दोन घोड्यांचे), 4 ट्रेबल (तीन-तीनचे) आणि 1 चौकडी (चारही घोड्यांचा), असे 15 डाव. एक पौंडाचा लकी 15 म्हणजे 15 पौंड, आणि त्यापुढे ईच-वे लिहिले की 30. दर शनिवारी कोणी तरी ‘1 पौंड’ लिहून एकच पौंड पुढे करतो. कर्मचाऱ्याने घाईत तसाच डाव स्कॅन केला आणि चारही घोडे लागले, तर पुढचा दीड तास हेड ऑफिसच्या फोनवर जातो. म्हणून चिठ्ठी देताना एकूण रक्कम स्वतः लिहावी आणि यंत्रातून निघालेली पावती तिथेच वाचावी. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करायची असते. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, तर आयबॅससारख्या स्वतंत्र लवाद संस्थेकडे जाता येते. ग्राहकाला पैसे पडत नाहीत. 2007 पासून जुगाराचा करार न्यायालयात वसूल करता येतो, त्यामुळे पावती जपून ठेवणाऱ्याची बाजू भक्कम असते.

एका गोष्टीत मात्र ग्राहकाला दाद नाही. डाव स्वीकारलाच पाहिजे, असे बंधन दुकानावर नाही. सतत चांगला भाव पकडून जिंकणाऱ्याची चिठ्ठी आली की कर्मचाऱ्याने फोन करून परवानगी घ्यायची, आणि उत्तर येते : 50 नको, 5 पौंड या भावाने, बाकी एसपीने. जो मशीनवर रोज हरतो त्याला असा अटकाव होत नाही. त्याला चहा मिळतो.

आता काउंटरमागचा माणूस. सकाळी आणि संध्याकाळी बऱ्याच दुकानांत एकच माणूस असतो. दुकान उघडणे, अलार्म काढणे, गल्ला मोजणे, चिठ्ठ्या घेणे, पैसे देणे, स्क्रीन लावणे, वय तपासणे, मशीनवर लक्ष ठेवणे, कचरा काढणे, सगळे त्याचे. 25 वर्षांखालचा दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागायचे. कमिशन आणि कंपन्या यासाठी चाचणीचे ग्राहक पाठवतात, आणि चुकला तर जाब कर्मचाऱ्याला. शौचालयाला जायचे तर दोन मार्ग : दार बंद करून ग्राहकांना बाहेर थांबवायचे, किंवा काउंटर बंद करून दुकान तसेच चालू सोडायचे. पहिल्याने ग्राहक खवळतो, दुसऱ्याने मशीन बेवारस राहते. रात्री मशीनमधली रोकड काढताना दाराला आतून कुलूप हवे आणि दुसरा माणूस हवा. दुसरा माणूसच नसतो.

एकट्याने काम करणे ब्रिटिश कायद्यात बेकायदा नाही. 1974 च्या आरोग्य-सुरक्षा कायद्याखाली मालकाने धोक्याचे मूल्यमापन करायचे आणि उपाय योजायचे, एवढेच. काउंटरखाली धोक्याचे बटण, बटणाने बंद होणारे चुंबकी दार, ठराविक वेळ गेल्याशिवाय न उघडणारी तिजोरी, सीसीटीव्ही, हे ते उपाय. लंडनमध्ये 2010 साली कंपन्यांनी पोलिसांच्या साथीने सुरक्षेची स्वेच्छा संहिताही केली. मे 2013 मध्ये दक्षिण लंडनमधल्या मॉर्डन इथे एका दुकानात सकाळी एकट्या असलेल्या कर्मचाऱ्याचा एका जुगाऱ्याने खून केला. त्यानंतर संघटनांनी दोन माणसांची मागणी लावून धरली. एकट्याची पाळी मात्र गेली नाही. कॅमेरा पुरावा देतो, मदतीला येत नाही.

हाच एकटा माणूस कायद्याच्या भाषेत ग्राहकाचा रक्षक आहे. परवान्याच्या अटींप्रमाणे तीन पायऱ्या आहेत : ज्याचा जुगार हाताबाहेर जातो आहे तो ओळखा, त्याच्याशी बोला, बोलण्याचा परिणाम झाला का ते तपासा, आणि सगळे नोंदवा. खुणा शिकवल्या जातात. पुन्हा पुन्हा डेबिट कार्ड घेऊन काउंटरवर येणे (क्रेडिट कार्डावर एप्रिल 2020 पासून बंदी आहे), शेजाऱ्याकडे उसने मागणे, मशीनला बुक्के मारणे, डाव अचानक वाढवणे. काउंटरमागच्या स्क्रीनवर सूचनाही येते. पण बोलायचे म्हणजे काउंटर सोडून बाहेर यायचे आणि नुकतेच दोनशे पौंड घालवलेल्या, मशीनला लाथ मारणाऱ्या माणसाशेजारी उभे राहून ‘जरा थांबता का?’ म्हणायचे. रात्री नऊ वाजता, दुकानात तिसरे कोणी नसताना. मग नोंद होते : ‘ग्राहकाशी बोललो, ठीक आहे म्हणाला.’ अशा नोंदी खोट्या असतात असे नाही, त्या एवढ्याच असू शकतात.

स्वतःहून बंदी घालून घेण्याची सोयही अशाच ठिकाणी अडखळते. 2016 पासून एका फोनवर निवडलेल्या भागातल्या सगळ्या कंपन्यांच्या दुकानांतून आपले नाव काढून घेता येते. फोटो द्यावा लागतो. तो फोटो त्या भागातल्या दुकानांत जातो, आणि ओळखायचे काम पुन्हा काउंटरवरच्या माणसाचे. डझनांनी फोटो, त्यातले काही जुने, थंडीत टोपी-मफलर लावून आलेला माणूस, आणि आज दुसऱ्या दुकानातून बदलीवर आलेला कर्मचारी. ऑनलाइन खात्याला नाव-पत्ता लागतो म्हणून तिथे बंदी यंत्र लावते. दुकानात रोख पैसे देणाऱ्याला नावच नसते.

दंड होतात, पण वरातीमागून घोडे. ऑगस्ट 2022 मध्ये लॅडब्रोक्स कंपनीच्या मालक एन्टेन समूहाने 1 कोटी 70 लाख पौंड भरायचे ठरले. त्यातले 30 लाख लॅडब्रोक्सच्या 2,746 दुकानांसाठी, म्हणजे दुकानामागे सुमारे 1,100 पौंड. वर दिलेल्या हिशेबाने एका मशीनची चार तासांची कमाई. मार्च 2023 मध्ये विल्यम हिल समूहाला 1 कोटी 92 लाख. त्यातही 1,344 दुकानांच्या वाट्याला 30 लाखच.

दुकानांची संख्या नऊ हजारांवरून 2024 पर्यंत सहा हजारांच्या आत आली, हे खरे. रिकाम्या गाळ्यांपैकी काहींत आता चोवीस तास उघडी असणारी निव्वळ मशीनची दुकाने आली आहेत. आपल्याकडे कधी कोणी परवान्याचा मसुदा लिहिलाच, तर भाव आणि कर यांच्या आधी त्यात पाहायचे ते हे : दुकान उघडे असेपर्यंत दोन माणसे बंधनकारक आहेत का, डावाची रक्कम आणि फेरीचे सेकंद कायद्यातच लिहिले आहेत का, आणि ओळख पटवून कार्डाशिवाय मशीन सुरू होते का. ही तिन्ही कलमे कंपन्यांच्या स्वेच्छेवर सोडली, तर इंग्लंडने साठ वर्षांत जे भोगले ते आपण पाच वर्षांत भोगू. आपल्याकडे गर्दी जास्त आहे.

तिथे काम करणाऱ्या, करू पाहणाऱ्या मुलांसाठी थोडे. एप्रिल 2025 मध्ये 21 वर्षे किंवा त्याहून मोठ्या कामगाराचे किमान वेतन ताशी 12.21 पौंड झाले. दुकान बंद झाल्यावर गल्ला जुळवण्यात गेलेली वीस मिनिटे हा कामाचाच वेळ आहे आणि त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. पदवीच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे, आणि तो आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. आजारी सहकाऱ्याच्या जागी ‘फक्त रविवारी ये’ म्हणणारा मॅनेजर चांगला असेल, पण एकविसावा तास तुमच्या व्हिसावर चढतो, त्याच्या नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये बेटिंग शॉपच्या कर्मचाऱ्याला रविवारी काम नाकारायचा हक्क 1996 च्या रोजगार कायद्यात नावानिशी दिलेला आहे. तीन महिन्यांची लेखी सूचना द्यायची, कारण द्यावे लागत नाही. केवळ रविवारसाठीच नेमलेल्यांना तो लागू नाही. धमकी, थुंकणे, मशीन फोडणे, काहीही झाले तरी त्याच दिवशी घटनेच्या नोंदवहीत वेळ घालून लिहा आणि तिचा फोटो स्वतःजवळ ठेवा. ‘नेहमीचाच आहे तो’ म्हणून सोडलेली घटना नंतर घडलीच नव्हती असे ठरते. गल्ला कमी पडला म्हणून पगारातून परस्पर कापून घेत असतील, तर करारात तशी लेखी तरतूद आहे का ते आधी पाहा आणि एकॅस या कामगार-सल्ला संस्थेला 0300 123 1100 वर विचारा. सल्ला फुकट असतो. आणि काउंटरच्या आतल्यांपैकीच कोणी सुट्टीत बाहेरच्या बाजूला जाऊन मशीनसमोर बसू लागला असेल, तर जुगाराच्या मदतीचा राष्ट्रीय क्रमांक 0808 8020 133 आहे. दिवसरात्र चालू असतो.

आपले,
बेटिंग शॉपच्या काउंटरवर काम केलेले काही मराठी वाचक,
लंडन